नेटा रेम्पेलचे दुसरे ‘नको’

गर्व हा मोठा बहुरूपी आहे. राजाच्या मस्तकी तो मुकुट होऊन बसतो, पंडिताच्या जिभेवर श्लोक होऊन बसतो, धनवंताच्या बोटात अंगठी होऊन बसतो. आणि ही सगळी सोंगे वापरून जुनी झाली, की तो आपले शेवटचे, सर्वांत देखणे सोंग काढतो. तो नम्रता होतो. मान खाली घालतो, डोळे मिटतो, ‘माझे कसले काय’ म्हणतो. आणि मिटल्या पापणीच्या फटीतून हळूच बघतो, की आपली मान किती खाली गेली ते चार लोकांनी पाहिले की नाही.

मॅनिटोबाच्या सपाट मुलखात, लिंडेनग्रुंड गावी, नेटा रेम्पेल नावाच्या बाईच्या घरी हा बहुरूपी कित्येक वर्षे बिऱ्हाड करून होता. भाडे देत नव्हता आणि जागाही सोडत नव्हता. नेटाला तो पक्का ठाऊक होता. रोज सकाळच्या प्रार्थनेत ती त्याला कान धरून बाहेर काढी, आणि कॉफीला उकळी फुटेपर्यंत तो मागच्या दाराने आत येऊन खुर्चीवर बसलेला असे. ‘आलास का?’ ती मनात म्हणे. ‘बस. आता तुझ्याविना करमतही नाही.’

तिचे खरे नाव आगानेथा; पण ते फक्त बाप्तिस्म्याच्या वहीत आणि दवाखान्यात. गावाला ती नेटा. बहात्तर वर्षांची, बुटकी, गोल. ती स्वतःच सांगे, की देवाने मला मळताना पीठ जास्त घेतले आणि मग उंचीला पुरेसे उरले नाही. पण त्याच पिठाच्या गोळ्याला देवाने दोन हात मात्र असे दिले होते, की सुई त्यांच्यात गेली म्हणजे शहाणी होई. चर्चच्या शिवणमंडळात दर गुरुवारी बायका मोठ्या लाकडी चौकटीभोवती बसत, एक गोधडी सगळ्या मिळून शिवत, आणि ती दूरदेशीच्या गरिबांसाठी होणाऱ्या लिलावात जाई. गोधडीवर कुणाचे नाव घालायचे नाही, हा तिथला नेम. टाके देव मोजतो. मग नाव कुणासाठी?

नेटाला हे मनापासून मान्य होते. अगदी मनापासून. फक्त लिलावात बोली चढू लागली, की ती शेजारणीला कोपराने ढोसून म्हणे, “ती कोपऱ्यातली वेल बघितलीस? काय बारीक टाका आहे! कुणी घातला असेल, कोण जाणे.” आणि शेजारीण “अगं, तूच!” म्हणेपर्यंत थांबे. तिने म्हटले, की नेटा दचकल्यासारखे करी. “मी? छे! मला तर आठवतही नाही.”

अशा या नेटाने एक गोधडी मात्र मंडळाच्या चौकटीवर न घालता, आपल्या घरी, एकटीने शिवली होती. हिवाळ्यामागून हिवाळे गेले, बाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकून उभे राहिले, आणि आत एकेक तुकडा दुसऱ्याचा हात धरीत गेला. मधोमध आठ कोनांचा एक मोठा तारा. गाभ्यात पिकल्या गव्हाचा पिवळा, मग गंजलेल्या नांगराचा तांबडा, मग जवसाच्या फुलाचा निळा, आणि कडेला अंधाराच्या आधीचा करडा. ती गोधडी पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर अंथरलेली असे. पाहुणे येणार म्हटले, की नेटा ती घडी घालून कपाटात ठेवी. कारण पाहुण्यांनी पांघरली तर मळेल. म्हणजे नेटाच्या समजुतीप्रमाणे ती आजवर पाहिली होती तिघांनी. नेटाने, तिच्या नवऱ्याने आणि देवाने. देव काही बोलला नाही. नवरा कोर्नेलियस दारात उभा राहून म्हणाला होता, “उबदार दिसते.” आणि नेटाच्या मनाची एक जुनी, लाजिरवाणी, लेकरासारखी हट्टी इच्छा होती, की मरण्याआधी एकदा, फक्त एकदा, ती कुणीतरी नीट बघावी.

आता तिथली एक रीत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. लिंडेनग्रुंडमध्ये ‘नको’ हा नकार नव्हे. तो नमस्कार आहे. कुणी कॉफी विचारली, की पहिले ‘नको’ यजमानाच्या मानासाठी. दुसरे ‘नको’ आपल्या मानासाठी. तिसऱ्यांदा विचारले, की ‘बरं, अगदी अर्धा कप’ म्हणायचे आणि दोन कप प्यायचे. आपल्या पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरतात आणि बोटांमध्ये जिलबी जाईल एवढी फट ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणणारा माणूस तिथे एकतर लहान मूल असतो, नाहीतर परगावचा.

इस्ला मॅक्रे परगावची होती. टोरंटोहून येऊन तिने गावच्या छोट्या संग्रहालयाचा कारभार हाती घेतला होता. गुणी, हसरी, उत्साहाची पोर. जुने नांगर आणि पाळणे यांच्यावरची धूळ झटकून झाल्यावर तिने ठरवले, की वसंतात एक प्रदर्शन भरवायचे. गावातल्या हयात माणसांनी आपल्या हाताने केलेल्या कामाचे. ती घरोघर जाऊ लागली. ती आपल्या घरी कधी येणार हे नेटाला समोरच्या घरी राहणाऱ्या नणंदेकडून, सुशकडून, आधीच कळले होते. म्हणून नेटाने काहीच केले नाही. फक्त सकाळी झ्वीबाक भाजले, म्हणजे एकाच्या डोक्यावर दुसरा बसवलेले ते लोण्याचे पाव. गोधडी उन्हात झटकली, पलंगावर ताणून घातली, आणि पाहुण्यांच्या खोलीचे दार अशा बेताने उघडे ठेवले, की बैठकीतल्या एकाच खुर्चीवरून तारा दिसावा. त्या खुर्चीवर तिने इस्लाला बसवले.

इस्लाने पाहिले. ती उठून दारापर्यंत गेली. “बाई गं,” ती म्हणाली, “ही तुम्ही केलीत? मिसेस रेम्पेल, ही आम्हांला प्रदर्शनात लावायची आहे. द्याल?”

नेटाच्या काळजात चर्चची घंटा वाजली. पण जिभेला तिची रीत ठाऊक होती. “नको गं पोरी,” ती म्हणाली, “माझं कसलं आलंय काम! घरात पांघरायची वाकळ ती. भिंतीवर लावायची तर आमच्या सुशची घे. हात तिचे.” पहिल्या ‘नको’चा हा दागिना. स्वतःचे झाकायचे आणि दुसऱ्याचे पुढे करायचे. नेटाला स्वतःलाच ते फार सुरेख साधल्यासारखे वाटले. तिने पापण्या खाली घातल्या, आणि दुसरे ‘नको’ जिभेच्या टोकाशी तयार ठेवून वाट पाहिली.

“समजलं,” इस्ला गंभीरपणे म्हणाली. “तुमची वस्तू, तुमची इच्छा. मला तिचा पूर्ण आदर आहे. पुन्हा विचारून तुम्हांला त्रास देणार नाही.”

नेटाने पापण्या वर केल्या. तिला वाटले, पोर चेष्टा करते आहे. पण इस्लाच्या चेहऱ्यावर आदराशिवाय काही नव्हते. भांबावून नेटाने पावांची ताटली पुढे केली, “घे ना,” म्हणाली. आणि इस्लाने पहिल्याच वेळी, एकदाही नको न म्हणता, पाव उचलला. लोणीही लावले. तेव्हा नेटाला उमगले, की आपल्यासमोर अशा मुलखातले माणूस बसले आहे, जिथे शब्दाचा अर्थ तोच असतो जो शब्दात असतो. 

इस्ला गेली. सरळ रस्ता ओलांडून सुशच्या दारात गेली. नेटा पडद्याआडून बघत होती. सुशही ‘नको’ म्हणाली असणार, त्यात शंका नाही. पण सुशच्या घरात तिची सून ब्रेंडा होती, आणि ती आतून ओरडली, “आईंचं नको म्हणजे हो असतं! कपाटात वरच्या खणात आहे, घेऊन जा.” सून नेटालाही होती, पण ती कॅल्गरीला. तिथून ओरडून ऐकू आले नसते.

कोर्नेलियस धान्याच्या ट्रकवर आयुष्य घालवलेला माणूस. लांब रस्ते आणि छोटी वाक्ये. संध्याकाळी त्याने सारी हकीकत ऐकली आणि पाव चघळत म्हणाला, “म्हणजे दुसरं नको तुझ्या तोंडातच राहिलं. गिळून टाक आता.”

“हसू नकोस. तिने परत विचारायला नको होतं?”

“फोन कर. सांग, घेऊन जा म्हणून.”

“असं कसं सांगू? मी काय कोंबडी आहे, अंडं घातलं की गावभर ओरडायला?”

“ओरडते,” कोर्नेलियस म्हणाला, “म्हणून तर अंडं सापडतं.”

 यावर नेटा रागावली.

मंडळी, नावाप्रमाणे नेटा नेटाची. तिने हात टेकले नाहीत. तिने ठरवले, की आपण मागायचे नाही. पण पोरीला पुन्हा विचारण्याची संधी द्यायची. संधी देण्यात कसला आला गर्व? ती तर परोपकाराची गोष्ट. मग ती सुकवलेल्या फळांच्या गोड, गार सुपाची बरणी घेऊन संग्रहालयात गेली. “इकडून चालले होते,” ती म्हणाली, “म्हटलं डोकावावं.” संग्रहालय गावाच्या टोकाला आहे, पलीकडे नुसते शेत, आणि त्या शेतात तेव्हा गुडघाभर चिखल होता. तिकडून कुणीही कुठेही चाललेले नसते.

“किती छान वाटलं तुम्ही आलात ते!” इस्ला म्हणाली.

नेटाने भिंतींकडे पाहिले. आपल्या भाषेत याहून उघडे कुणी बोललेच नसेल, असे तिला वाटेल इतके उघडे ती बोलली. “बरं झालं बाई, माझी गोधडी घेतली नाहीस. फार मोठी ती. एकटीनेच ही सगळी भिंत खाल्ली असती. आणि रंग असे, की दारातून येणाऱ्याची नजर दुसरीकडे जायचीच नाही. इतरांवर अन्यायच झाला असता.”

गावातले शेंबडे पोरही यावरून समजले असते, की म्हातारी गोधडी घेऊन दारात उभी आहे. इस्लाने मात्र तिचा हात हातात घेतला. “तुम्ही अजिबात काळजी करू नका, मिसेस रेम्पेल. मी समितीत सगळ्यांना सांगून ठेवलंय. तुम्हांला कुणीही गळ घालायची नाही.”

नेटा घरी आली ती रिकामी बरणी न घेताच.

त्या दिवसांत तिच्या प्रार्थनेचे जे झाले, ते सांगताना हसू येते आणि गहिवरही येतो. ती गुडघे टेकून म्हणे, “प्रभो, माझ्या मनातला हा मानाचा हव्यास जाळून टाक.” आणि मग थोडे थांबून, आवाज खाली आणून, “पण घाई नाही. आधी त्या पोरीला सुबुद्धी दे.” मग तिचे तिलाच हसू फुटे. कपाळ पलंगाच्या काठाला टेकून ती खुदखुदत राही, आणि स्वयंपाकघरातून कोर्नेलियस विचारी, “काय म्हणतोय तो?” ती म्हणे, “तोही विचारतोय, की नक्की काय पाहिजे.” जो देव कोट्यवधींचे रडणे ऐकतो, त्याने एका म्हातारीचे असे प्रामाणिक ढोंगही तितक्याच मायेने ऐकले असेल, यात मला संशय नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर प्रदर्शन उघडायचे होते. दुपारची फास्पा, म्हणजे पाव, चीज, लोणचे आणि कॉफीचा तो रविवारचा फराळ, संग्रहालयातच मांडली होती. बर्फ वितळून गावभर काळा, चिकट चिखल झाला होता. इस्ला दारात उभी राहून सांगत होती, “बूट राहू द्या पायांत, काही हरकत नाही,” आणि प्रत्येकजण “नको नको” म्हणत बूट काढून ठेवीत होता. इथे मात्र नको म्हणजे खरेच नको होते. बिचाऱ्या पोरीने तरी काय काय ओळखावे! बूट काढताच नेटाला दिसले, की तिच्या उजव्या मोज्याला भोक पडले आहे आणि अंगठा बाहेर येऊन जगाकडे बघतो आहे. सगळ्या जिल्ह्यात ज्या बाईच्या टाक्याला तोड नाही, तिचा मोजा! ‘बरोबर आहे,’ ती स्वतःशी म्हणाली, ‘मी नसले तरी माझं काहीतरी प्रदर्शनात आलंच.’ तिने तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला, आणि बगळ्यासारखी चालत आत गेली.

आत सारे गाव मोजे घालून फिरत होते. चर्चमधले वडीलधारे आब्राम डेर्कसेन यांनी तबकड्या रंगवलेली भिंतीवरची जुनी, चालती घड्याळे होती, गुलाबांची आणि ट्यूलिपांची. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरने लाकडात कोरलेली धान्याची उंच कोठारे होती. गव्हाच्या काडीचे तारे होते, कातरलेल्या कागदाची झाडे होती. आपापल्या कामापाशी कुणीच उभे नव्हते. सगळे कलाकार दुसऱ्याच्या कामापाशी उभे राहून आपल्या कामाकडे कोण बघते ते बघत होते. आणि डाव्या भिंतीवर, दोन खिडक्यांच्या मध्ये, सुशची निळी-पांढरी गोधडी होती.

नेटा तिच्यापुढे उभी राहिली. तिने पाहायचे ठरवले होते ते दोष. पण गोधडी खरेच चांगली होती. दोषांवाचून नव्हे, पण चांगली होती. हे तिला अधिकच झोंबले. दोष असते तर निदान दया करता आली असती.

“सुरेख गं, सुश,” ती म्हणाली.

“काहीतरीच,” सुश म्हणाली. “ब्रेंडाने जबरदस्तीने दिली. मी तर नको म्हटलं होतं.”

“मीसुद्धा,” नेटा म्हणाली.

सुशने तिच्याकडे पाहिले. तिने काही विचारायच्या आतच इस्लाने कपावर चमचा वाजवला. सर्वांचे आभार मानले. आणि मग कोपऱ्यातल्या मोठ्या भिंतीकडे हात केला. तिथे छताला टांगलेली एक लांब लाकडी काठी होती आणि तिच्यावर काही नव्हते. “शेजारच्या गावाहून पाहुणा म्हणून एक जुना गालिचा यायचा होता,” ती म्हणाली, “पण त्यांच्या तळघरात पाणी शिरलं. भिंत रिकामी राहिली. कुणाकडे लावण्याजोगं काही असेल, तर अगदी आत्तासुद्धा लावू. आहे कुणाकडे?”

सारी सभा जमिनीकडे बघू लागली. चाळीसेक माणसे, आणि प्रत्येकाच्या घरी काहीतरी. कुणाकडे पेटी, कुणाकडे पाळणा, कुणाकडे सासूने विणलेला टेबलपोस. आणि एक तोंड उघडेल तर शपथ. असे मौन मोठमोठ्या मठांतही लाभत नाही.

“नेटाकडे तारा आहे,” आब्राम डेर्कसेन खाकरून म्हणाले. पलंगाला नवीन फळ्या ठोकायला ते एकदा त्या खोलीत गेले होते.

“नाही, नाही,” इस्ला पुढे झाली. एखाद्या पाखराला पंखाखाली घ्यावे तशी. “त्यांना कृपा करून आग्रह करू नका. मिसेस रेम्पेलनी मला स्पष्ट नकार दिलाय.”

“स्पष्ट?” सुश म्हणाली. “किती वेळा विचारलंस तू तिला?”

“एकदा.”

“एकदा!” सगळ्या दालनातून तो शब्द वाऱ्यासारखा फिरला. कुणी कप खाली ठेवला, कुणी तोंडावर रुमाल धरला. लिंडेनग्रुंडच्या प्रत्येक माणसाला त्या एका शब्दात नेटाचे मधले सारे दिवस दिसले. ती बरणी, तो चिखल, पडद्याआडचे ते बघणे. आणि नेटाला दिसले, की आपण दिसलो. तिचे कान तापले.

“मला कळत नाहीये,” इस्ला म्हणाली. “त्या नको म्हणाल्या. म्हणजे नको ना?”

सगळे सुशकडे बघू लागले. एका वाक्याने सुश सारे सोडवू शकली असती. पण सुश नणंद होती. आणि शिवाय तिचा जीव नेटावर होता. “मी काही बोलणार नाही,” ती म्हणाली. “माझ्या सुनेने माझी जीभ वापरली, तेव्हापासून मला झोप गोड लागलेली नाही. नेटा, जीभ तुझी आहे. तूच सांग.”

आता बघा या क्षणाकडे. डोंगर हलवणारे संत झाले, सिंहाच्या गुहेत उतरणारे भक्त झाले. आणि इथे एका गोल, बुटक्या म्हातारीला फक्त एवढे म्हणायचे होते, की माझे काम चांगले आहे, ते भिंतीवर लावा. आणि सिंहाची गुहा तिला सोपी वाटली असती. आयुष्यभर ज्या दाराला तिने आतून कडी घातली होती, त्या दारामागेच ती उभी होती, आणि बाहेरून कुणी वाजवत नव्हते.

तिने एक पाऊल पुढे टाकले. अंगठा पुढे आला. तिने तो पाहिला, आणि का कोण जाणे, त्या उघड्या अंगठ्यानेच तिला धीर दिला. एवढे दिसलेच आहे, तर बाकीचे कशाला झाका?

“पोरी,” ती म्हणाली, “चूक तुझी नाही. आमच्यात एकदाच विचारून थांबत नसतात. तर... म्हणजे... तू मला अजून एकदा विचार.”

कुणी हसले नाही. इस्लाने आपला कप खाली ठेवला, दोन्ही हात पुढे जुळवले, आणि एखाद्या राणीला विचारावे तसे विचारले, “मिसेस रेम्पेल, तुमची ती गोधडी आम्हांला प्रदर्शनासाठी—”

सभेने समाधानाने मान डोलावली. आता दुसरे ‘नको’ येणार. मग तिसऱ्यांदा विचारणे, मग होकार, मग कॉफी. कोर्नेलियस तेवढ्यात आणखी एक पाव उचलू लागला.

“हो,” नेटा म्हणाली.

इस्लाचे वाक्यही पुरे झाले नव्हते. आब्राम डेर्कसेनांची कॉफी बशीत सांडली. मागून कुणीतरी कुजबुजले, “दुसऱ्याच वेळी!” आणि कुणीतरी, “दीडाव्या वेळी.” नेटाला ऐकू आले. आणि इतकी वर्षे जिभेच्या टोकाशी बसलेले ते ‘नको’ कुठे गेले ते शोधायला तिला वेळच नव्हता, कारण कोर्नेलियस पाव तोंडात धरून एक बूट घालून दाराशी पोहोचला होता.

तो ट्रक हाणत गेला आणि गोधडी उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन आला. ती टेबलावर पालथी अंथरली. इस्ला म्हणाली, “हिला वरच्या कडेला मागून कापडाची नळी शिवावी लागेल, काठी ओवायला. पलंगाच्या गोधडीला ती नसते. दोघींनी धरलं तर तासाभरात—” आणि ती थांबली.

नळी होती.

वरच्या काठाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अस्तराच्याच करड्या कापडाची, बारीक टाक्यांची, नवीकोरी नळी होती.  आनंदाच्या भरात नेटा हे साफ विसरली होती.

शिवणमंडळाच्या झाडून साऱ्या बायका टेबलाभोवती वाकल्या. सुशने नळीतून बोट फिरवले. इस्लाने काठी आणून शेजारी ठेवली, आणि भोळेपणाने, खऱ्या आश्चर्याने म्हणाली, “पण हे तर आमच्याच काठीच्या मापाचं आहे!”

“त्या दिवशी सूप घेऊन आले होते ना,” नेटा बारीक आवाजात म्हणाली, “तेव्हा खाली ठेवलेल्या काठीकडे सहज लक्ष गेलं.”

“सहज!” सुश म्हणाली, आणि तिला जे हसू आले, ते तिला उभे राहू देईना. तिने नेटाच्या खांद्यावर डोके टेकले. मग नेटा हसली. आधी लाजेने, मग मोकळेपणाने, मग हसता हसता डोळ्यांना पदर नव्हता म्हणून स्वेटरची बाही लावून. “मी गरीब, नम्र बाई,” ती इस्लाला म्हणे आणि पुन्हा हसे, “वितीने मोजली गं मी ती काठी! तू बरणी ठेवायला आत गेलीस तेव्हा!” आणि मोज्यांवर उभे असलेले सारे गाव हसत होते. त्या हसण्यात टोमणा होता, पण काटा नव्हता. कारण त्यात असा एकही नव्हता, ज्याने मनातल्या मनात कुठली ना कुठली काठी मोजलेली नव्हती.

काठी नळीतून सुळ्ळकन गेली. कोर्नेलियसने एक टोक धरले, आब्रामनी दुसरे, आणि गोधडी वर गेली.

नेटाने ती आजवर वीतभर अंतरावरून पाहिली होती. सुईच्या अंतरावरून, आणि फार तर पलंगाच्या पायथ्यापासून. उभी अशी कधीच नाही. आता ती मागे सरली, आणि तिला दिसले, की तारा स्वस्थ नाही. गाभ्यातला पिवळा बाहेर निघाला होता, तांबड्यातून, निळ्यातून, करड्याच्या काठापर्यंत. एखाद्या शेतावर सकाळ व्हावी तसा तो हळूहळू होत होता. हे तिने केले नव्हते. म्हणजे तिनेच केले होते. पण हे करताना तिला कुठे ठाऊक होते, की आपण काय करतो आहोत! एकेका तुकड्यावर तिची मालकी होती. तो उजेड मात्र कुणा दुसऱ्याचा होता, आणि त्याने तो तिच्या बोटांतून, तिला न विचारता, काढून घेतला होता.

ती नेहमीच्या तयारीने उभी राहिली. आता कुणीतरी म्हणेल, ‘काय सुंदर!’ मग तिने म्हणायचे, ‘छे, काहीतरीच.’ कुणी म्हणेल, ‘केवढी मेहनत!’ मग म्हणायचे, ‘वेळ जात नव्हता.’ उत्तरे ओळीने तयार होती.

पण कुणी काहीच म्हणाले नाही. आब्राम डेर्कसेन हातातली काठी सोडायची विसरून तसेच उभे होते. इस्लाने तोंडावर हात धरला होता. सुशच्या गालावरचे पाणी अजून हसण्याचे होते की आणखी कशाचे, ते तिलाही ठाऊक नसावे. सगळे बघत होते, नुसते बघत होते, आणि दालनात एवढी शांतता होती, की आब्रामनी रंगवलेल्या घड्याळांची टकटक वेगवेगळी ऐकू यावी.

शब्दाला ‘नको’ म्हणता येते. मौनाला ‘नको’ कसे म्हणावे, हे लिंडेनग्रुंडमध्ये कुणी कुणाला शिकवलेले नाही. नेटाने दोनदा तोंड उघडले, आणि मिटले. मग ती कोर्नेलियसच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि सगळ्यांबरोबर, सगळ्यांतली एक होऊन, आपणही वर बघू लागली.